स्टेपनीचा दांडा

पाथर्डीत इब्राहिम मिस्त्रीकडं गाडी न्यायची म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी लागायची. गाडी दारात उभी राहिली की हा गृहस्थ हातातलं काम ठेवून उठणार, गाडीभोवती एक फेरी मारणार आणि आंबलेलं ताक प्यायल्यासारखं तोंड करून विचारणार, "ह्याला आधी कुनी हात लावला हुता?" मालकानं दुसऱ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं की झालं. "मग त्याच्याकडंच जा. घान त्यानं करायची आन झाडू मी मारायचा व्हय?" एवढं बोलून तो पुन्हा आपल्या जागेवर जायचा. मालकही हलायचा नाही. शेजारच्या रंगनाथच्या टपरीवरून दोन चहा मागवायचा आणि निमूट बसून राहायचा. अर्ध्या तासानं मिस्त्री हूं म्हणायचा. नगर रस्त्याला वेल्डिंगची सहा दुकानं, त्यातल्या पाचांवर गोड बोलणारी माणसं बसलेली. पण स्टेपनीचा दांडा म्हटलं की लोक शिव्या खायला इब्राहिमकडंच यायचे.

हा दांडा काय प्रकार असतो ते पाथर्डीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. इकडच्या काळ्यापिवळ्या जीपांना चढायचं दार मागं आणि जादाचं चाक, म्हणजे स्टेपनी, तीही मागंच. चाक दाराच्या आड येऊ नये म्हणून ते एका आडव्या लोखंडी दांड्यावर बसवतात. दांडा एका कडेला बिजागरीवर फिरतो, दुसऱ्या कडेला कडीत अडकतो. कडी काढली की चाकासकट दांडा फाटकासारखा बाहेर उघडतो. माणसं आत कोंबायची, दांडा लावून घ्यायचा. इथवर ठीक. पण आत चौदा माणसं बसली की उरलेली चार-पाच मागच्या पायरीवर उभी राहतात, आणि तिथं धरायला दुसरं असतं काय? चाकाला मिठी मारून, दांड्यात कोपर अडकवून माणसं तिसगाव गाठतात, करंजी गाठतात. एसटी वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही, आणि थांबलीच तर तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. लोकांनी करायचं काय?

चाकाच्या बेतानं केलेल्या दांड्याला चार माणसं रोज हिसके देऊ लागली की बिजागरी जिथं बसवलेली असते तिथला पत्रा चिरतो. दांडा लोंबायला लागतो, खड्ड्यातून जाताना खडखडतो, आणि एक दिवस स्टेपनी भर रस्त्यात घरंगळत जाते. बाकीचे मिस्त्री ती चीर शिवून द्यायचे. वर एक पट्टी चिकटवायची, काळा रंग मारायचा, मालक खूश. महिन्याभरात पट्टीच्या कडेला नवी चीर. इब्राहिमला ह्या पट्ट्यांचा मनापासून राग होता.

राग येण्याला कारण होतं. त्याचा बाप नालबंद. बाजाराच्या दिवशी तो बैल आडवे पाडून त्यांच्या पायांना पत्र्या मारायचा. पोरगं दोर धरून बैलाच्या मानेवर बसायचं आणि बाप सांगायचा, "पत्री बघू नको, खूर बघ. लोखंड न्हाई मोडत, त्याच्या खालचं मोडतं." पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आले आणि बापाचा धंदा बसला. इब्राहिम सतराव्या वर्षी एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हंगामी म्हणून लागला. तिथं वेल्डिंग शिकला. चांगली नऊ वर्षं काढली. मग एकदा फोरमननं त्याला ऊस ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळीतल्या तडकलेल्या कडीवर नुसता रंग मारायला सांगितला. तपासणीला साहेब यायचे होते. इब्राहिमनं रंगाचा डबा फोरमनच्या टेबलावर पालथा केला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आला. बायको अख्तरी तेव्हा बाळंतपणाला टेकलेली. ती म्हणाली, रंगच मारायचा होता ना, मारायचा. त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. असा माणूस. कामात खोट नको म्हणजे नको, मग घरात चूल पेटो न पेटो.

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर सहादेव आपली जीप घेऊन त्याच्या दारात आला. सहादेव पाथर्डी–करंजी फेऱ्या मारायचा. माणूस वाईट नव्हता, अधाशीही नव्हता, पण जीपवाला होता, आणि हात करणाऱ्याला नाही म्हणणं जीपवाल्याला जमत नाही. त्याच्या दांड्याची बिजागरी तीन ठिकाणी शिवलेली होती आणि चौथ्या ठिकाणी चिरलेली होती. मिस्त्रीनं नेहमीप्रमाणे फेरी मारली, नेहमीप्रमाणे बोलला, मग चाक उतरवलं, खाली बसला आणि पत्र्यावर बोट आपटलं.

"हे बघ. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा हाय ह्यो. ह्याच्यावर बत्तीस किलोचं चाक टांगलंय आन वर तू पावनेरावळे टांगतो."

"मिस्त्री, ऱ्हातेत उभी. मी काय बोलवून आनतो व्हय?" सहादेव म्हणाला. "तुमी असं करा की पुन्ना बघायला नको."

मिस्त्रीला पुन्ना बघायला नको हे शब्द फार आवडायचे. त्यानं गाडी तीन दिवस ठेवून घेतली. पत्र्यावरची बिजागरी कापून फेकून दिली. खालून, चासीच्या दोन्ही दांड्यांना धरून एक आडवा लोखंडी चॅनेल बसवला, म्हणजे भार आता पत्र्यावर नाही, गाडीच्या हाडांवर. चॅनेलच्या कडेला जुन्या ट्रॅक्टरच्या चाकाचा आस उभा केला आणि दांडा त्याच्यावर फिरता ठेवला, ग्रीस भरायला जागा ठेवली. दांड्याचा पाइप पोकळ, म्हणून त्याच्या पोटात दुसरा पाइप घातला. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या दिल्या. कडीच्या बाजूला एक खोबण केली, म्हणजे दांडा बंद झाला की तिच्यात चढून बसेल, लोंबणार नाही, वाजणार नाही. शेवटी दांडा एका बोटानं ढकलला तर तो देवळाच्या दारासारखा सावकाश फिरला आणि खोबणीत जाऊन टेकला.

काम संपलं की त्याची एक रीत होती, आणि ह्या सगळ्याचं मूळ त्या रीतीत आहे. मालकाला समोर उभं करायचं, स्वतः पायरीवर चढायचं, दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचं, पाय वर उचलून घ्यायचे आणि तीनदा हिसके द्यायचे. बासष्ट वर्षांचा, पंचाहत्तर किलोचा, पांढऱ्या दाढीचा माणूस असा लोंबकळायला लागला की रंगनाथच्या टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन बघायला उठायचे. जीप खालीवर व्हायची, दांडा तसूभर हलायचा नाही. मग तो उतरायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "हे चाकासाठी हाय. मान्सं टांगायला न्हाई."

हे वाक्य त्यानं प्रत्येक मालकाला सांगितलं. त्यात खोटं नाही. पण तोंड एक सांगत होतं आणि अंग दुसरंच सांगत होतं. लोकांनी ह्यातलं काय घेतलं असेल? डोळ्यांनी पाहिलेलं घेतलं. करंजीच्या थांब्यावर पायरीवर चढायला कचरणाऱ्याला सहादेव सांगायला लागला, "धर बिनधास्त. मिस्त्री स्वता लटकून बघतो." जीपवाल्यांच्यात ही खूण झाली. ज्या गाडीला इब्राहिमचा दांडा, त्या गाडीच्या पायरीवर आधी माणसं. बघता बघता त्या रस्त्यावरच्या बहुतेक जीपा त्याच्या हातून गेल्या. मिस्त्रीला ह्याचा अभिमान वाटायचा, आणि तो अभिमान त्यानं कधी लपवला नाही.

त्याची एकुलती एक मुलगी शबनम. जावई अझीम. अझीमला मागं कोणी नव्हतं, म्हणून लग्नानंतर दोघं मिस्त्रीच्याच घरात राहायची. पुढं दुकान, मागं घर. अझीम करंजीला एका औषधाच्या दुकानात कामाला होता. शांत मुलगा, मिस्त्रीच्या अगदी उलट. सासऱ्याला मामू म्हणायचा आणि संध्याकाळी त्याच्या चष्म्याच्या काचा पुसून द्यायचा. मिस्त्री उभ्या पाथर्डीला बोलायचा, पण अझीमला कधी बोलला नाही. रोज सकाळी आठला अझीम जेवणाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि सहादेवच्या जीपनं जायचा. दुकानातून सासऱ्याला तो दिसायचा.

एकदा मिस्त्रीनं विचारलं, "आत बसायला मिळत न्हाई का?"

"मिळतं की. पन आत गुदमरतं," अझीम म्हणाला. "मागं हवा लागती. आन मामू, दांडा तुमचा हाय, मला कशाची भीती?"

त्या दिवशी त्यानं जावयाला दोन सणसणीत शिव्या घालायला हव्या होत्या. आयुष्यभर ज्यांना गरज नव्हती त्यांना फुकट वाटल्या, आणि जिथं खरी गरज होती तिथं हा माणूस गालातल्या गालात हसला. खूश झाला. अख्तरीला रात्री जेवताना त्यानं ते वाक्य दोनदा सांगितलं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. करंजीच्या आठवडी बाजाराचा दिवस, सकाळचे साडेआठ. मिस्त्री एका ट्रॉलीचा आकडा जोडत होता. रंगनाथ टपरीतून धावत आला, हातात मोबाईल तसाच.

"मिस्त्री, तिसगावच्या पुढं जीप पलटी झालीय. मानूस अडाकलंय खाली. कापायला बोलवत्यात तुमाला."

असं बोलावणं नवीन नव्हतं. अपघात झाला की लोक आधी वेल्डिंगवाल्याला शोधतात, क्रेन नगरहून यायला दीड तास लागतो. कुठली जीप, कोण अडकलं, हे त्यानं विचारलं नाही. गॅसकटर, ग्राइंडर, हातकरवत, सगळं एका पिकअपमध्ये टाकलं आणि निघाला.

जिथं रस्ता खडक फोडून काढलाय, तिथल्या वळणावर जीप कुशीवर पडलेली होती. बाजाराला निघालेली माणसं, आत पंधरा आणि मागं पाच. मागचा भार एवढा झाला की पुढची चाकं रस्ता नीट धरेनात, वळणावर खडी पसरलेली होती, सहादेवनं सुकाणू फिरवलं आणि गाडी सरळच गेली. मग कडेच्या खडकाला घासली आणि हळूहळू कलंडली. आतल्यांना खरचटलं होतं, एका म्हातारीचा हात मोडला होता. सहादेव रस्त्यात डोकं धरून बसला होता. जीपचा टप उडालेला, दारं वाकलेली, एक बाजू चेपलेली.

आणि इब्राहिमची नजर आधी कुठं गेली असेल? दांड्याकडं. अख्ख्या गाडीचा चुराडा झाला होता आणि दांडा खोबणीत जसाच्या तसा बसलेला होता. एक टाका उघडला नव्हता. चाक जागेवर, आस सरळ. त्याच्या मनात आलं, हललं नाही. बरं वाटलं त्याला. क्षणभरच, पण वाटलं. पुढं सगळ्यांना त्यानं सगळं सांगितलं, हे फक्त अख्तरीला सांगितलं, आणि सांगताना तिच्याकडं बघितलं नाही.

मग त्यानं दांड्याच्या खाली बघितलं. दांडा आणि खडक यांच्यामध्ये अझीम होता.

पाच जणांतल्या चौघांनी गाडी कलंडताना हात सोडून उड्या मारल्या होत्या. त्यांचे गुडघे फुटले, कोपरं सोलली, ते तिथंच उभे होते. अझीमनं हात सोडले नाहीत. त्यानं दांडा आणखी घट्ट धरला.

लोकांनी जीप उचलून बघितली होती. ढकलली की ती खडकावरून सरकायची आणि दांडा आणखी रुतायचा. डिझेलची टाकी फुटलेली, रस्ताभर डिझेल, म्हणजे गॅसकटर नाही, ग्राइंडरची ठिणगीही नाही. राहिली हातकरवत. मिस्त्री पोटावर झोपला आणि स्वतःचा दांडा हातानं कापायला लागला. बाजारात मिळणारा एकेरी पाइप असता तर दहा मिनिटांत झालं असतं. ह्यानं पाइपात पाइप घातलेला. कुणा दुसऱ्याचं काम असतं तर घणाच्या दोन घावांत बिजागरी पत्र्यासकट निघून आली असती. खरं तर कुणा दुसऱ्याचं काम असतं तर कापायची वेळच आली नसती, गाडी कलंडतानाच दांडा तुटला असता आणि अझीम त्या चौघांसारखा रस्त्यावर पडला असता. हे सगळं करवत ओढताना मिस्त्रीला कळत होतं. त्याच्या इतकं ते कुणालाच कळत नव्हतं.

अझीम शुद्धीवर होता. त्यानं सासऱ्याला ओळखलं.

"मामू," तो म्हणाला, "तुटला न्हाई बघा."

तक्रार नव्हती ती. मामूला बरं वाटावं म्हणून म्हणाला. स्वभावच तसा.

पहिली पाती मोडली, मग दुसरी. बाहेरचा पाइप कापून झाला, तेव्हा आतला लागला. चौघांतला एक जण मधेच म्हणाला, मिस्त्री, मी ओढतो थोडं. त्यानं करवत दिली नाही. पाऊण तासानं दांडा सुटला, आणि अझीमला बाहेर काढलं, तेव्हा त्यानं डोळे मिटलेले होते. नगरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आत रक्त फार गेलंय, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही बोलता आलं असतं. डॉक्टर बिचारा आपल्या रीतीनं सांगत होता. त्याला काय माहीत, अर्धा तास कुठं गेला ते.

मयतीला अख्खा नगर रस्ता लोटला. दफन करून माणसं अंगणात बसली. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. कुणीतरी म्हणालं, गाडीचा चेंदामेंदा झाला, पण दांडा बघा, जसाच्या तसा. दुसऱ्यानं मान हलवली. काम म्हणजे काम. मिस्त्रीच्या हाताला तोड नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला तेवढाच आधार. माणसाच्या जखमेवर फुंकर घालायला जावं आणि तोंडातून मीठ पडावं, तसं चाललं होतं. मिस्त्री उठून दुकानात गेला आणि शटर आतून ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी उड्या मारलेले चौघं आले. लंगडत आले, ओट्यावर बसले. त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यातला मोठा म्हणाला, "आमी वरडलो हुतो त्याला, सोड म्हनून. तर म्हनला, सोडू नका, धरून ऱ्हावा, मामूचा दांडा हाय. त्याचं ऐकलं असतं तर आमीबी..." दाराच्या आडून शबनम ऐकत होती.

नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीला ती बसलेली. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही, बापाशी लागलं तेवढंच बोलली. ताट वाढलंय. औषध घेतलं का. मिस्त्री वाट बघत होता की ही पोर कधीतरी भांडेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात. एके दुपारी त्यानंच विषय काढला. म्हणाला, मी सगळ्यांना सांगायचो गं, हे माणसांसाठी नाही. प्रत्येकाला सांगायचो.

शबनम गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सांगायचा तुमी, अब्बा," ती म्हणाली. "ते ह्या खिडकीतून बघायचे तुमाला लटकताना. हसायचे. म्हनायचे, मामू पोरासारखे झोके घेत्यात."

एवढंच. मिस्त्रीला ते वाक्य पुरलं.

दुसऱ्या दिवशी तो जीपच्या थांब्यावर गेला. रांगेत सात जीपा उभ्या होत्या, सहांना त्याचा दांडा. तो एकेका जीपवाल्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, गाडी दुकानात आणा, मागची पायरी कापून टाकतो. पायरीच नसली तर कोण उभं राहील? पैसे नको. दांडा राहू दे, पायरी काढू द्या. बासष्ट वर्षांत हा माणूस कुणापुढं आर्जव करायला गेला नव्हता, त्यामुळं त्याला ते नीट जमतही नव्हतं. मधेच आवाज चढायचा, मधेच हात जोडायचा. जीपवाले उठून उभे राहिले, बसायला जागा दिली, चहा सांगितला. दुःखी माणसाला कुणी उलट बोलत नाही. पण गाडी कुणी आणली नाही. मागं त्याच्याबद्दल म्हणायचे, मिस्त्रीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सहादेव तर जीप भंगारात घालून गावाला निघून गेला होता. तो असता तर त्यानं आणली असती कदाचित.

दुकानात नवीन दांड्याचं गिऱ्हाईक आलं की तो अट घालायचा. दांडा करतो, पायरी कापतो. गिऱ्हाईक हळूच गाडी मागं घ्यायचं. चार पावलांवर बाकीची पाच दुकानं उघडी होतीच. महिन्याभरात मिस्त्रीच्या दारात गाडी थांबायची बंद झाली. टपरीवरून दोन चहा सांगायला कुणी येईना. रंगनाथ आपणहून एक आणून ठेवायचा, तो तसाच गार व्हायचा.

एकानं मात्र ऐकलं. बिभीषण नावाचा जीपवाला, अझीमच्या बरोबरीचा. मयतीला खांदा दिलेला. तो एके सकाळी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, कापा मिस्त्री. मिस्त्रीनं बोलल्याशिवाय काम केलं असं हे पहिलंच. त्यानं पायरी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, चॅनेलला ग्रीस लावलं. बिभीषण गेल्यावर त्यानं रंगनाथचा गार झालेला चहा पिऊन टाकला. त्या रात्री तो नीट जेवला असं अख्तरी सांगते.

पंधरा दिवसांनी बिभीषणची जीप दारावरून गेली, आणि तिला पायरी होती. आधीपेक्षा हातभर रुंद. वर सहा माणसं उभी.

परतीच्या फेरीनंतर बिभीषणनंच गाडी थांबवली. आधीची फेरी संपलेली, गाडी रिकामी. तो खाली उतरून मिस्त्रीपुढं उभा राहिला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

"रागावू नका मिस्त्री. लई दिवस ओढलं, पन न्हाई जमत. मागची मान्सं न्हाई घेतली तर ती दुसऱ्या गाडीत जात्यात, आन मग आतलीबी त्यांच्याबरूबर जात्यात. पायरी दुसऱ्याकडून जोडून घेतली. पन दांडा तुमचाच ठिवलाय. भरवसा हाय तो त्याच्यावरच हाय."

मिस्त्री गाडीच्या मागं जाऊन खाली बसला. पायरी कुणीतरी त्याच्याच चॅनेलला जोडली होती. ती जोडताना चॅनेलवरचं ग्रीससुद्धा पुसलं नव्हतं. टाके वरच्यावर बसलेले, फुगलेले, आत पोकळ. त्यानं नखानं एका टाक्यावरची खपली काढली तर खाली काळी फट दिसली. ह्या टाक्यांवर सहा माणसं रोज दोन वेळा उभी राहणार. त्याला आकडेमोड करायची गरज नव्हती, नजरच सांगत होती. आठ दिवस टिकेल, फार तर पंधरा. मग कुठल्यातरी वळणावर पायरी निघेल आणि सहाच्या सहा चाकांखाली जातील.

तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. पायरी कापून टाकावी तर बिभीषण उद्या तिसरीकडून जोडून घेणार, ती ह्याच्याहून वाईट. आहे तशी सोडावी तर पंधरा दिवस. आणि पक्की करून दिली की काय होतं, ते त्याच्या घरात खाली मान घालून गहू निवडत होतं. बिभीषण उन्हात उभा राहून वाट बघत होता. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं, चारच्या फेरीची वेळ होत आली होती.

"गाडी आत घे," मिस्त्री शेवटी म्हणाला.

"कापता?"

"आत घे म्हनलो न्हवं."

त्यानं जुने टाके घासून काढले. लोखंड स्वच्छ केलं. पायरीच्या खाली दोन तिरपे आधार दिले आणि ते थेट चासीपर्यंत नेले. मग काच डोळ्यांवर ओढली आणि एका दमात टाके भरत गेला, एकसारखे, भरीव, आयुष्यभर भरले तसे. एकही टाका चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं असेल.

दुकानाच्या मागच्या खिडकीत ठिणग्यांचा उजेड पडला, तशी शबनम घरातून बाहेर आली. जीप कुणाची आणि बाप काय जोडतोय, हे तिला एका नजरेत कळलं. मिस्त्रीनं काच वर केली तेव्हा ती त्याच्याकडंच बघत होती. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आठ दिवसांचं, पंधरा दिवसांचं, सहा माणसांचं. ती आत वळली आणि तिनं दार लावून घेतलं.